लोहाऱ्यात आलेली होडी

आमच्या लोहाऱ्यात समुद्र नाही. ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी आम्ही बघायला जातो. अशा गावात माझ्या शेजारच्या हिराकाकूंना गाण्याशिवाय साधं कपाटसुद्धा सरकवता येत नाही!

काकूंचं माहेर रायगडकडच्या कोळीवाड्यातलं. एसटीतल्या कंडक्टरशी लग्न करून इकडं आल्या, त्याला जमाना झाला. तिकडं होडी किनाऱ्यावर ओढताना एकजण गाण्याची ओळ टाकतो, बाकीचे पुढची ओळ म्हणून ती झेलतात आणि त्याच दमात जोर लावतात. काकूंनी हा कायदा आमच्या गल्लीला लावला. "झेलनार नाय त्यानी हात लावू नये!"

एकदा उमरग्याहून येताना आमची वडापची जीप काळ्या मातीत रुतली. सगळे उतरून ढकलायला लागलो. त्यात तहसीलमधले एक साहेब होते, तोंड मिटून जोर लावणारे. काकूंनी त्यांना बाजूला काढलं. "ओ साहेब, झेला, नायतर पिशव्या धरा!" साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि असा काही सूर लावला, की जीप निघाली आणि साहेब चिखलात बसले. आता रस्त्यात भेटले की तेच विचारतात, "काकू, काही ढकलायचंय का?"

गाणी काकू स्वतः रचतात. चाल माहेरची, शब्द आमचे: तूर, ऊस, ट्रॅक्टर. लग्नघरी त्या नसल्या की बायका म्हणतात, "हळद लई अळणी झाली." बाकीच्या गल्ल्या जळतात. जळू देत! अशी गाणी आख्ख्या तालुक्यात आमच्याच गल्लीत पिकतात.

दिवेलागणीला मात्र एकच जुनं गाणं. गच्चीवर जाऊन फोन स्पीकरवर टाकायच्या आणि आईला विचारायच्या, "दिवा लाविला दारी, होडी कुनाची आली?" तिकडून म्हातारीचा आवाज यायचा, चिरका पण ताठ, "आपलीच गो पोरी, होडी आपलीच आली!" माझ्या शिलाईच्या दुकानात बसून मी हे रोज ऐकायची.

यंदा काकूंची आई गेली. काकू माहेरी जाऊन आल्या आणि पुन्हा गच्चीवर जायला लागल्या, फोनशिवाय. ओळ टाकायच्या, थोडं थांबायच्या आणि खाली यायच्या.

मी म्हटलं, "काकू, पुढची ओळ तुम्हीच म्हणा की."

"आपली ओळ आपन झेलायची नसते गो. झेलनारी गेली, गानं संपलं."



दुसऱ्या दिवशी मशीन बंद केली आणि आमच्या गच्चीवर चढले. पलीकडून ओळ आली, "होडी कुनाची आली?" माझा गळा म्हणजे फाटका भोंगा. तरी लावला, "आपलीच गो काकू, होडी आपलीच आली!" समोरच्या गच्चीवरून सुमनबाईंनीही आवाज दिला.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसून माझ्यावरच ओरडल्या,

"सूर केवढा आखूड गो, रेहाना! लांबव जरा. दर्या लांब हाय इथून!"