गडी अडकवू नका

बाळासाहेब गाडेकर एकदा अर्धी दाढी करून ऑफिसात आला. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर दोन दिवसांचे खुंट आणि कानाजवळ वाळलेला साबण. ऑफिसखालच्या सलूनवाल्याला मध्येच मेव्हण्याचा फोन आला, बोलणं लांबलं, तेव्हा हा खुर्चीतून उठला, "झालं की हाक मारा," म्हणाला आणि सरळ कामाला आला. अकराच्या सुमाराला खालून हाक आली. हा गेला, उरलेला गाल उरकून आला. आम्ही सगळे हसत होतो आणि आम्ही का हसतोय हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

आमचं ऑफिस श्रीरामपुरात, एका कापड दुकानाच्या माडीवर. माणसं सात. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर आणि फॅट आमच्याकडे येतं, त्याची नोंद होते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. सांगायला सोपं आहे, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला सगळी गावं एकदम दूध घालतात. बाळासाहेब यायच्या आधी आमचा प्रोग्रॅम एक नोंद करायचा, तिचा मेसेज पोचेपर्यंत थांबायचा आणि मगच दुसरी घ्यायचा. एखादा मेसेज रेंगाळला की मागे सगळ्या किटल्या खोळंबायच्या आणि आम्ही फोनवर शिव्या खायचो.

बाळासाहेबाने पहिल्याच आठवड्यात तो प्रोग्रॅम वाचला आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, गडी अडकवलेत तुमी!"

गडी म्हणजे थ्रेड. प्रोग्रॅममधली कामं थ्रेड उचलतात आणि थ्रेड मोजकेच असतात, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. पण बाळासाहेबाचं शिकवणं वेगळं. "चार गडी हायेत. त्यातला एक पानी यायची वाट बघत मोटरपाशी उभा केला, तर खुरपनी कोन करनार? मोटर चालू करायची अन् खुरपायला लागायचं. पानी आलं की हाक येती. जो रिकामा आसंल तो जाईल पान्याची दारं धरायला."

त्याने मेसेजचं काम वेगळ्या गड्यांवर टाकलं, नोंदीचे गडी मोकळे केले आणि आमच्या शिव्या बंद झाल्या. मालकांनी पेढे वाटले. गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं, पण बाळासाहेबाने स्वतःलाही गडीच मानलं होतं. वाट बघणं हा त्याच्या लेखी गुन्हा होता. गिरणीत दळण टाकून तो निघून जाई, पंक्चरवाल्याकडे गाडी लावून निघून जाई, आणि प्रत्येकाला सांगून जाई, "झालं की हाक मारा." टपरीवर चहा सांगायचा आणि तेवढ्यात बँकेत डोकावून यायचा. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असे. बाळासाहेबाला गरम चहा पिताना मी कधीही पाहिलेलं नाही.

घरीही तेच. एकदा तो आणि सुनीतावहिनी, दोघांनीही परस्पर दूध आणलं आणि दोन दिवस घरात बासुंदी खावी लागली. याने लगेच भिंतीत खिळा ठोकला आणि त्याला पिशवी अडकवली. पिशवी घेईल त्यानेच दुधाला जायचं. पिशवी जाग्यावर नसली तर काम कोणीतरी उचललंय असं समजायचं आणि गप्प राहायचं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आता मला पिशवीला हात लावायचीबी परवानगी काढावी लागती."

अशा माणसाने दोन महिन्यांपूर्वी एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सहा ते सात मोबाईल बंद. ऐन दूध घालायच्या वेळेला! प्रोग्रॅम बहुतेक वेळा नीट चाले, पण कधी अडलाच तर तो सोडवणारा माणूस एकच, आणि तो गायब. मालकांनी दोनदा विचारलं. "घरी काम हाय," एवढंच उत्तर. तिसऱ्यांदा मात्र ते चिडले. त्याचं घर माझ्या वाटेवर, म्हणून मलाच पाठवलं. "उद्यापासून फोन चालू, नाहीतर दुसरी नोकरी बघ म्हणावं."

निरोप द्यायचा आणि निघायचं, असं ठरवून मी सव्वासहाला त्याच्या दारात उभा राहिलो. वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा भाऊजी. आप्पा बोलत्यात."

मी कान दिला. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

आप्पा म्हणजे बाळासाहेबाचे वडील. काष्टीच्या बाजारात बैलांचे दलाल. बैल विकायचा नसला तरी विकायला लावतील आणि घेणाऱ्याला नको असला तरी घ्यायला लावतील, अशी जीभ होती म्हणे. भाव तेवढा चारचौघांत तोंडाने सांगायचा नाही म्हणून रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बाकी सगळं तोंडाने. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय वाचले, जीभ अडखळली. वहिनी कुजबुजत सांगत होत्या. "शब्द आठवतो त्यांला, पर भाईर येत न्हाई. डॉक्टर म्हनले, रोज तासभर समोर बसून बोलतं करा, कितीबी वेळ लागू द्या, पर त्यांचा शब्द तुमी पुरा करू नका. पुरा केला की ते सोडून देतील, अन् मंग कायमचंच सोडतील. पाहुणं आलं की पुरा करत्यात हो सगळी. म्हनून परक्या मान्सापुढं आप्पा आता तोंडच उघडत न्हाईत."

आप्पा खाटेवर बसले होते. समोर खुर्चीत बाळासाहेब. हातात काही नाही, मोबाईल नाही, लॅपटॉप नाही. मला बघून त्याने फक्त मान हलवली. आप्पांनीही मला बघितलं होतं आणि त्यांचे ओठ हलायला लागले होते.

"ब..."

मग बराच वेळ काही नाही. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मला वाटलं, बाळू म्हणत असतील. मग वाटलं, बैल. शब्द माझ्या तोंडाशी आला होता, तोच बाळासाहेबाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो गिळला.

आप्पा थकले. त्यांनी टॉवेल मांडीवर पसरला आणि त्याच्याखालून हात मुलाकडे सरकवला. बाजारातली जुनी वाट. बाळासाहेबाने आपला हात मागे घेतला.

"बोटं न्हाई आप्पा. तोंडानं. मला कुटं जायचं न्हाई."

हे वाक्य बाळासाहेबाच्या तोंडून ऐकून मला कसंतरीच झालं. मालकांचा निरोप माझ्या खिशात असल्यासारखा टोचत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या एवढं आठवतं. बाळासाहेब हललासुद्धा नाही.

"ब... ब... बसा."

आप्पांचं बोट माझ्याकडे होतं. मी आल्यापासून उंबऱ्यातच उभा होतो. घरात पाहुणा उभा आहे आणि त्याला कोणी बसा म्हटलेलं नाही, एवढंच त्या माणसाला मघापासून सांगायचं होतं.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. बाळासाहेब खाली मान घालून टॉवेलची घडी करत राहिला. मी बसलो. मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मी हळू आवाजात म्हटलं, "सहा ते सातचे फोन उद्यापासून माझ्याकडे द्या. जमेल ते मी सोडवीन, उरलेलं सातला."

"आणि बाळासाहेब कुठं असतो त्या वेळी?"

"कामावर असतो," म्हटलं आणि फोन बंद करून टाकला.

आप्पांनी तोवर पुढचा शब्द काढायला घेतला होता. तो "च"ने सुरू होत होता. कोणता असणार ते मला कळलं होतं, पण मी गप्प बसून राहिलो.