निष्पक्षपणे, पण आपल्या बाजूने

महाविद्यालयाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ त्या हंगामातला प्रत्येक सामना हरला होता, आणि निदान सातत्याच्या बाबतीत त्याला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. क्रीडाशिक्षक दर सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन पराभवाची वर्दी देत. प्राचार्य "बरं" म्हणत. घरातल्या जुन्या, न बऱ्या होणाऱ्या दुखण्याबद्दल विचारपूस करावी, तसं ते "बरं" असे.

एका सोमवारी मात्र त्यांनी खिडकीबाहेरच्या कोर्टाकडे बोट केलं.

"मला एक सांगा सर, हरायला एवढी जागा लागते का?"

क्रीडाशिक्षकांनीही कोर्टाकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता.

"प्राध्यापकांच्या गाड्या उन्हात तापतात. हंगाम संपला की तिथे शेड टाकू. मुलींना कॅरम द्या. हरायचंच असेल तर तेही बसून हरता येतं."

क्रीडाशिक्षक मान हलवून बाहेर पडले. ते एकटे, थोरल्या बहिणीच्या घरी राहत, आणि संघाची कर्णधार ही त्यांची सख्खी भाची. ती त्यांना घरी मामा म्हणे आणि कोर्टवर सर. फक्त चेंडू हातातून निसटला की कोर्टवरही "मामा गं!" असंच तोंडून निघे. पोरगी जिवापाड खेळायची. कोर्ट गेलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगावं, ते त्यांना कळेना.

पुढचा सामना संघ इतक्या गुणांनी हरत होता, की फलक बदलणारा माणूस मध्येच जांभई देऊ लागला. शेवटच्या मिनिटाला भाचीनं चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि पंचांनी शिट्टी फुंकली. चेंडू न आपटता जास्तीचं पाऊल टाकलं, गुण बाद. पाऊल पडलं नव्हतं. हे क्रीडाशिक्षकांनी अगदी नीट पाहिलं होतं, कारण त्या सामन्यात पाहण्यासारखं दुसरं काही घडतच नव्हतं. शेड, कॅरम, भाचीचा चेहरा, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि ते ओरडले, "अन्याय! धडधडीत अन्याय!"

कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. त्यात बास्केट होती, शिट्टी होती, आरोळी होती. गुणफलक तेवढा चौकटीच्या बाहेर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य त्यांना पाहून खुर्चीतून उठले.

"सर, असा संघ आपल्याकडे आहे हे आधी का नाही सांगितलंत? आपण हरत नव्हतो हो, आपल्याला हरवलं जात होतं!"

दुपारी समिती नेमली गेली. तिचं नाव आधी 'अन्याय निवारण समिती' असं ठरलं होतं. पण अध्यक्षपदी आलेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक दूरदर्शी होते. निवारण झालं तर समिती विसर्जित करावी लागेल, हे त्यांनी निदर्शनास आणलं. तेव्हा नाव बदलून 'अन्याय संवर्धन समिती' असं करण्यात आलं.

समितीनं कोर्टाभोवती दोरी बांधली. ते आता कोर्ट नव्हतं, घटनास्थळ होतं. सगळे चेंडू गोणीत भरून, लाखेचं सील ठोकून कपाटात ठेवले गेले.

"मामा, चेंडू कुठेत?" भाचीनं विचारलं.

"पुराव्यात जमा आहेत."

"मग सराव कशानं करू?"

याचं उत्तर अध्यक्षांनीच दिलं. सरावाच्या वेळात मुलींनी काळ्या फिती बांधून घोषणांचा सराव करावा. मुलींनी तो केला. सामन्यात कधी न दिसलेली एकवाक्यता घोषणांमध्ये दिसल्याचं खुद्द प्राचार्यांनी कबूल केलं.

मधल्या काळात कोर्टाची मोजणीही झाली. अंगण वाकडं निघालं. अगदी बोटभर, पण उतार आपल्या बास्केटकडे होता आणि म्हणून प्रतिस्पर्ध्यांना उतरणीचा फायदा मिळत होता.

"पण सर, मध्यंतरानंतर बाजू बदलतात," भाची म्हणाली.

अध्यक्षांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "तोवर खच्चीकरण झालेलं असतं, बाळ."

पुढच्या सामन्याला नवा पंच आला. आदल्या पंचाच्या नावानं गावभर काय घोषणा झाल्या ते त्यानं ऐकलं होतं. बिचारा इतका भेदरलेला होता, की मुलींचा पाय घसरला तरी समोरच्या संघाला दोष देई. सामना परक्या कोर्टवर होता, तिथे उतारही नव्हता. तरी संघ हरला. त्या वेळी काही जण चुळबुळले, पण समितीनं लगेच ठराव केला, "सदर पंचांनी हेतुपुरस्सर अनुकूल राहून आपल्या संघाची कामगिरी उघडी पाडली. हा अन्यायाचा अधिक सूक्ष्म प्रकार होय." शिवाय मागणी केली, की यापुढे पंच तटस्थ हवा, आणि तटस्थतेची खात्री पटण्यासाठी तो आपला हवा.

खेळाची संघटना समितीची पत्रं वाचून कंटाळली होती. क्रीडाशिक्षक तरुणपणी पंचाची परीक्षा पास झाले होते, हे कोणीतरी शोधून काढलं. हंगामाचा शेवटचा सामना त्या अन्यायाच्या सामन्यातल्याच प्रतिस्पर्ध्यांशी, आपल्याच कोर्टवर, आणि पंच आपलेच सर! दोरी एका दिवसापुरती सोडण्यात आली.

सकाळी प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, निष्पक्षपणे करा. पण आपल्या बाजूनं."

"म्हणजे नेमकं कसं?"

"सोपं आहे. जिंकलो तर कोर्ट राहील. हरलो आणि अन्याय झाला, तरी राहील. नुसतंच हरलो तर शेड. आता पंचच आपला म्हटल्यावर अन्याय काही व्हायचा नाही. तेव्हा जिंकायलाच हवं, नाही का?"

क्रीडाशिक्षकांनी मान डोलावली. हिशेब बिनतोड होता. सामन्यात दोनचार शिट्ट्या गिळाव्या लागतील, अशी मनाची तयारी करूनच ते कोर्टवर उतरले.

आणि गंमत अशी, की गिळायची वेळच येईना. मुली खेळत होत्या! चेंडू या हातातून त्या हातात विनातक्रार जात होता. एक बास्केट पडली, दुसरी पडली, समोरचा संघ धापा टाकायला लागला. मध्यंतराला पाणी पिता पिता त्यांनी भाचीला हळूच विचारलं, "हे कुठे शिकलात गं?"

"त्यांच्याकडेच." तिनं प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे हनुवटी केली. "सकाळी त्यांच्या कोर्टवर जातो आम्ही. आमचे चेंडू पुराव्यात आहेत म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, या. त्यांची कर्णधार मला वळून चेंडू टाकायला शिकवते, आणि आता तीच मला अडवतेय बघा!"

क्रीडाशिक्षकांचा ऊर भरून आला. पोरींनी निषेधाच्या काळ्या फिती घामटिप्या म्हणून कपाळाला बांधल्या होत्या, हेही त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

शेवटचे क्षण उरले तेव्हा संघ फक्त एका गुणानं मागे होता. सगळं महाविद्यालय कोर्टाभोवती उभं राहून ओरडत होतं. प्राचार्य तर खुर्चीवर चढले होते. भाचीनं चेंडू घेतला, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, वळली, उडी मारली. चेंडू कड्याभोवती एक फेरी मारून आत पडला. दोन गुण. पहिला विजय.

पण वळताना पाऊल पडलं होतं. एकच, जास्तीचं, स्वच्छ. क्रीडाशिक्षक हाताच्या अंतरावर होते. शिट्टी दातांत होती. त्यांनी फार थोर विचार केला अशातला भाग नाही. कोर्ट आठवलं, भाची आठवली, मग तो आधीचा पंच आठवला, न पडलेलं पाऊल पाहणारा. नंतर काय झालं ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. फुंकर गेली.

शिट्टी वाजली, गुण बाद झाले.

"पडलं होतं, मामा," भाची जवळ येऊन पुटपुटली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. मग ती समोरच्या कर्णधाराशी हात मिळवायला गेली. आणि मागून आरोळी उठली, "अन्याय!"

घरी बहिणीनं ताट वाढलं ते आदळूनच.

"सगळं गाव म्हणतंय, पाऊल पडलं नव्हतं."

"ताई, तुझी लेक स्वतः म्हणतेय, पडलं."

"ती लहान आहे. तिला काय कळतंय तिच्या पायातलं! तू किती घेतलेस ते सांग."

समितीची बैठक आनंदात पार पडली. घरच्याच पंचानं केलेला अन्याय ही आजवरची सर्वोच्च कामगिरी असल्याचं अध्यक्षांनी नमूद केलं. अन्याय झाल्यामुळे ठरल्याप्रमाणे कोर्ट वाचलं. ते ऐतिहासिक ठरल्यानं तिथे खेळायला कायमची बंदी झाली. क्रीडाशिक्षकांना घरी बसवलं गेलं. ते घरी फार बसत नाहीत. सकाळी मुलींबरोबर त्या दुसऱ्या कोर्टवर जातात आणि दोन्ही संघांना मिळून शिकवतात. त्या बातमीवर समितीचं बारीक लक्ष आहे.

चौकशीत प्रेक्षकांना एकेकट्यानं बोलावून विचारण्यात आलं. पाऊल पडलेलं बहुतेकांनी पाहिलं होतं. "पाहिलं हो," प्राचार्यही खासगीत म्हणाले, "पण पाहिलं म्हणून लगेच वाजवायची?"

हे वाचताना शेवटच्या क्षणी शिट्टी दातांतच राहावी असं ज्यांना मनातून वाटलं, त्यांनी संकोच करू नये. समितीत सभासद घेणं चालू आहे. पात्रता एवढीच, की पडलेलं पाऊल तुम्हाला स्पष्ट दिसलेलं असावं.