नाकेदाराच्या चांगुलपणाचे बेचाळीस दाखले

कोणतंही बलाढ्य राज्य कोसळायला लागलं, की ती वर्दी राजाला सगळ्यात शेवटी आणि नाक्यावरच्या माणसाला सगळ्यात आधी लागते. म्हणून जगाने दरबाराकडे न बघता नाक्याकडे बघावं, असं द्वारकेचं अभ्यासपूर्ण मत होतं. (अभ्यास गळ्यातच पडला होता. घर निजामाच्या मुलखात, शाळा वऱ्हाडात, आणि मधे वाशीमच्या रस्त्यावर नाक्याचा आडवा बांबू.)

बांबूचे धनी भावसिंग नाकेदार हे अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. द्वारकेच्या भाकरीत राज्याला धोकादायक असं काही दडलंय का, हे ते रोज तपासत. शेंगदाण्याच्या चटणीची तपासणी तर जिभेशिवाय होतच नाही. माघात तिचे वडील ग्यानबा शिंपी यांनी वाशीमहून शिवणयंत्र आणलं, तेव्हा भावसिंगांनी ते चारी बाजूंनी निरखलं.

"खटखट करतं ना? मंग ह्यातून गोळी सुटत न्हाई, असा दाखला आण."

असा दाखला कुठल्याच कचेरीत मिळेना. यंत्र नाक्याच्या कोठीत गेलं आणि ग्यानबा हाताने शिवू लागला. एक दिवस म्हणाला, "पोरी, दसऱ्यापातूर यंत्र न्हाई आलं, तर शाळा बास. माझ्यासंगं टाके घालाया बस."

तेव्हापासून द्वारका राज्याच्या तब्येतीवर बारीक नजर ठेवून होती. वहीतली आकडेवारी अशी: चैत्रात चटणी निम्मी जाई. आषाढात बोटभर. श्रावणात डबा उघडायचा राहूनच गेला. आणि भादव्यात भावसिंगांनी बांबू स्वतःच्या हाताने उचलून विचारलं, "द्वारकाबाई, जेवलात का?"

चौदा वर्षांच्या पोरीला बाई! ती धापा टाकत घरी आली.

"बाबा, नाकेदार मला अहो-जाहो करून राहिला!"

"आजारी हाय का त्यो?"

"त्यो न्हाई. सरकार आजारी हाय."

दुसऱ्याच दिवशी भावसिंगांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, मी कुणाला कधी तकलीफ दिली का? न्हाई ना? मंग तसा घरोघरचा दाखला लिहून द्या. एक मराठीत, एक उर्दूत."

"दोन काहून?"

"कोण जिंकंल, आपल्याला काय ठावं?"

द्वारकेने बोटं चोळली. "लिहिते की. पण हात लई दुखतो, नाकेदारसाहेब. घरी टाके घालून राहिले ना. यंत्र न्हाई."

त्या संध्याकाळी यंत्र घरी आलं. भावसिंगांनी ते स्वतःच्या डोक्यावरून आणलं. (गोळी सुटली नाही.)

द्वारकेने शब्द पाळला. बेचाळीस घरं, बेचाळीस दाखले, प्रत्येकाच्या दोन प्रती. (उर्दू गावातल्या चौथीपर्यंतच्या निजामी शाळेतली.) 'बालपणापासून देशभक्त', 'परक्याच्या डब्याकडे मान वर करून न पाहणारे', असं जे जे सुचलं, ते ते तिने झोकात लिहिलं. आपल्या अक्षराचा तिला फार अभिमान होता. गावानेही हसत हसत अंगठे उठवले. मंजुळाबाई तर म्हणाली, "जाऊन राहिला बिचारा! लाव गं शाई, आपल्या अंगठ्याचं काय झिजतं?"

मग भारताच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. उर्दू प्रतींवर भावसिंगांच्या घरी चहा उकळला. नव्या सरकारला नाक्यावर अनुभवी आणि निष्कलंक माणूस पाहिजे होता. चौकशी अधिकाऱ्याने मराठी दाखले वाचले आणि शेरा मारला: 'लोकांचं इतकं एकमत क्वचितच आढळतं. अक्षरसुद्धा एकच.'

दिवाळीनंतर शाळा उघडली. ग्यानबाचं यंत्र घरी खटखटत होतं, द्वारका दप्तर घेऊन ऐटीत निघाली. बांबूला नवा रंग होता. बांबूमागे नवी टोपी होती, नवा पट्टा होता, आणि त्यांच्या आत बढती मिळालेले भावसिंग होते.

"ए पोरी, डबा उघड."

वहीतली शेवटची नोंद: कार्तिक. चटणी सगळी.

राज्य कोसळलं याबद्दल आता जगाला शंका उरलेली नाही. ज्या वाचकांना या गावाचं हसू येत असेल, त्यांनी आपला डावा अंगठा एकदा उजेडात धरून बघावा. शाई लवकर जात नाही.