अष्टग्रहीसाठी बिनखिडकीची खोली

माणसाचे रक्षण जन्माच्या आधीच उरकून घ्यावे लागते, नंतर तो कोणाचे ऐकत नाही. हे तत्त्व मोर्शी तालुक्यात खुशालरावांइतके कोणालाच पटलेले नव्हते. त्यांचे पहिले नातवंड सातव्या महिन्यात पोटातच गेले, तेव्हा ते गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले होते. आता सून सुभद्रेला पुन्हा पाचवा महिना लागला होता, आणि नेमके बासष्ट सालच्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत जमणार होते.

ग्रहांपुढे सरकारही हतबल असते. (शनीची बदली चांद्याला करता येत नाही.) ज्योतिषी भगवंतरावांनी बजावले, "अष्टग्रही सरेपर्यंत गर्भारशीवर आभाळाची नजर पडू देऊ नका." खुशालराव तर प्रगतिशील शेतकरी, त्यांच्या कपाशीला तालुक्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेले. त्यांनी पंचांग आणि विज्ञान दोन्ही कामाला जुंपले.

पंचांगाप्रमाणे बिनखिडकीची खोली हवी होती. घरात तशी एकच होती, डीडीटीची पोती ठेवायची. ग्रहांचे सोडा, त्या खोलीकडे उंदीरही फिरकत नसत. ही बाब सुरक्षिततेचा सबळ पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आली. फटी चिंध्यांनी बुजवल्या. विज्ञानाप्रमाणे विंचू-मुंग्यांचा बंदोबस्त आवश्यक होता, म्हणून खुशालरावांनी एक पोते फोडून सुनेच्या खाटेभोवती स्वहस्ते पांढरी रेघ ओढली. हात मुळातच सढळ. उरलेली पावडर गादीखाली पसरली. (मंत्री येणार असले तरी गटारावर एवढी पडत नाही.) मग सुनेला आत बसवून दाराला बाहेरून कडी लावली.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी आशाबाई निरोप घेऊन आल्या. "ऐकलं का, पोरीचं डोकं गरगर फिरून राहिलं. डोये झोंबून राहिले म्हणते."

"फिरनच," खुशालराव म्हणाले. "आठ ग्रह जोर लावून राहिले. खोली आहे म्हणून निभावून राहिलं."

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या. ग्रहांनी बाजू बदलल्याचे भगवंतरावांनी जाहीर केले. मग आतूनच सुभद्रेची हाक आली, "मामाजी, दार उघडा जी. मले दम घेता येत नाही."

खुशालरावांचा हात कडीपर्यंत गेला. सुनेवर त्यांची माया होती, पण तिच्या पोटातल्यावर थोडी जास्तच होती. हात मागे घेऊन ते म्हणाले, "थोडं सोस, पोरी. तुह्यासाठीच करून राहिलो."

अष्टग्रही सरायच्या आत सुभद्रेने धडका देऊन कडी उपटली. अंगणात येऊन, तोंड वर करून ती पोटभर श्वास घेत उभी राहिली, आठही ग्रहांच्या देखत.

मुलगा झाला. गावभर पेढे वाटले. पण वर्ष उलटले तरी तो मान धरेना, आणि हाक मारली तर त्याची नजर वळेना. खुशालराव त्याला दिवसभर मांडीवर घेऊन बसत आणि त्यांचा जीव तुटे. शेवटी चौकशी बसली. सदस्य दोन: खुशालराव आणि भगवंतराव. खोलीची सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता झाली. दार सुभद्रेने उघडले, सबब दोष सुभद्रेचा.

"दार उघडलं म्हणून तो जिता आहे," सुभद्रा म्हणाली. (आरोपीचे म्हणणे कामकाजातून वगळण्यात आले.) पुढच्या बाळंतपणासाठी त्याच खोलीला लोखंडी कडी बसवण्याचा ठराव झाला.

असल्या माणसांना शिक्षण दिले पाहिजे, असे अमरावती-अकोल्याच्या वाचकांचे मत पडेल, आणि ते योग्यच आहे. आपण ग्रह मानत नाही. आपली लेक बाळंतपणाला माहेरी यायची असली की आपण फक्त डास-ढेकणांसाठी तिची खोली पंपाने भिंतीपासून गादीपर्यंत भिजवतो, दारे-खिडक्या घट्ट लावतो, आणि तिला ठसका लागला की समाधानाने म्हणतो, औषध अस्सल आहे.