रंगारींच्या घरातला चीटर

शनिवारी सकाळी अंबादास रंगारींनी चहाचा कप बाजूला ठेवून कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा खेळ उघडला, तर पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘धोखाधड़ी के कारण आपका खाता बंद किया जाता है.’

"धोखाधडी? मी?" अंबादास खुर्चीतून उठलेच. "शैला, इकडं ये! जिंदगीभर फॅक्टरीच्या गेटवर लोकायचे डबे तपासले मी. एक खिळा बाहेर जाऊ देल्ला नाही. आन् हे मले चीटर म्हणून राहिलं!"

शैलजाबाई कणीक मळता मळता आल्या, पडदा वाचला आणि "मंग आता काय?" एवढंच म्हणून परत गेल्या. त्यांचा राग अजून उतरलेला नव्हता, आणि त्याला कारणही होतं.

मागच्या महिन्यात त्या खेळाबरोबर एक नवा पहारेकरी आला होता. खेळात कोणी लबाडी तर करत नाही ना, हे बघणारा प्रोग्रॅम. त्याने आल्या आल्या शैलजाबाईंच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर बोट ठेवलं. हा परस्पर बटणं दाबतो, हा संशयास्पद आहे, तो काढल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. शैलजाबाई रेल्वेच्या ऑफिसातून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या. विहाराच्या महिला मंडळाची सगळी पत्रकं त्याच टाइप करायच्या.

"माझी मराठी संशयास्पद?" त्या तेव्हा कडाडल्या होत्या. "महाराजपुरासारख्या हिंदी गावात बसून मराठी लिहिनं गुन्हा हाय काय?"

अंबादासांनी तरीही तो प्रोग्रॅम काढून टाकला होता. मग पहारेकऱ्याने कॉम्प्युटर सुरू होताच स्वतःही सुरू व्हायची परवानगी मागितली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भैयालाल बघायला आला आणि मान हलवत म्हणाला, "अंकल, ये तो एकदम जड़ में बैठता है. गेम बंद हो, तब भी जागता रहेगा. सब देख सकता है."

"सब म्हणजे?"

"मतलब सब. आंटी के फोटो, बैंक का काम, सब."

अंबादासांचं डोकं फिरलं. गेटवरच्या तपासणीलासुद्धा हद्द असते. कोणी कामगाराच्या मागे त्याच्या घरात शिरत नाही. पण आठवडी सामने जवळ आले होते आणि खेळातली त्यांची टोळी पहिल्यांदाच वर चढली होती. त्यांनी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, मनातल्या मनात कंपनीला शिव्या घातल्या आणि परवानगी दिली.

एवढा अपमान गिळला, घरातली मराठी घालवली, आणि त्याचं बक्षीस हे!

त्यांनी कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलायला आली. सगळ्या घराने ऐकावं म्हणून अंबादासांनी स्पीकर चालू केला.

"मैडम, सबूत दिखाइए! मैं रिटायर्ड सिक्योरिटी का आदमी हूँ!"

"देखती हूँ सर." पलीकडून बटणांची टकटक ऐकू आली. "सर, आपका सुबह का खेल ठीक है. बिल्कुल साधारण है."

"साधारण?" अंबादासांना हेही झोंबलं.

"जी. दिक्कत दोपहर वाले में है. पिछले तीन हफ़्ते से दोपहर में एक भी गोला ख़ाली नहीं गया. इतनी तेज़ उँगलियाँ इंसान की नहीं होतीं, सर. कोई सॉफ़्टवेयर खेल रहा है."

"दोपहर में तो मैं सोता हूँ!"

स्वयंपाकघरातून लाटणं आपटल्याचा आवाज आला. शैलजाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांनी फोन हिसकावला.

"इंसान की काहून नहीं होतीं? मैं इंसान नहीं हूँ क्या?"

अंबादास बघतच राहिले. "तू?"

"मंग काय करू? टायपिंग तर तुम्ही काढून टाकलं. दुपारभर रिकामी बसू?" त्या परत फोनकडे वळल्या. "बेटा, पूरी नौकरी टाइपराइटर पे निकाली मैंने. कैमरा चालू करती हूँ, सामने खेल के दिखाती हूँ. फिर बोलना चीटर!"

चिकटपट्टी निघाली. शैलजाबाई खेळल्या; एकही गोळा वाया गेला नाही. अंबादास मागे उभे राहून आधी खोकले, मग वाकून पडद्यावरचे गोळे मोजू लागले. पलीकडची मुलगी माफी मागू लागली.

"सॉरी मैम, खाता अभी खोल देते हैं. बस एक नियम है, एक खाते पर एक ही खिलाड़ी रह सकता है."

"अच्छा," शैलजाबाई हात पुसत म्हणाल्या, "तो सुबह वाले को निकाल दो."