सदतीस नंबरचा भाग

"इंजिन म्हणजे काय हो? पुस्तकच! उघडायचं, वाचायचं, मिटून ठेवायचं!"

जावईबापूंनी ही गर्जना केली ती जेवणाच्या टेबलावर, खुद्द सासरेबुवांच्या तोंडावर. जावईबापू पेशाने ग्रंथपाल. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासरेबुवांनी त्यांना कधी चुकूनसुद्धा शाब्बास म्हटलं नव्हतं. खिळा ठोकला, तर तो वाकडा. नळ दुरुस्त केला, तर "आता दोन्हीकडून गळतोय!" (गळत होता, हेही खरंच.) एकदा तरी त्या तोंडून शाब्बासकी ऐकायचीच, असा जावईबापूंनी चंगच बांधला होता.

सासरेबुवांच्या जुन्या गाडीच्या इंजिनातून गेली अकरा वर्षं 'टक टक' असा आवाज येत होता.

"आठ दिवस मी धाकटीकडे आहे," सासरेबुवा म्हणाले. "रविवारी चारला येतो. आवाज बंद झाला पाहिजे आणि गाडी चालू राहिली पाहिजे. दोन्ही!"

जावईबापूंनी वाचनालयातून इंजिनांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. त्यातली आकृत्यांची पानं तेवढी कुणीतरी ब्लेडने कापून नेली होती. "आकृत्या पोराटोरांना लागतात!" असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

चार दिवसांत इंजिनाचा कोथळा बाहेर आला. निघालेला भाग पुसायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, नंबर द्यायचा, फळीवर मांडायचा. अगदी वाचनालयासारखं! ओळखीचे भाग पहिल्याच दिवशी संपले. मग जावईबापू आपल्या मनानेच बारसं करू लागले. 'मोठी वाटी.' 'वाकडा दांडा.' 'वाकडा दांडा, धाकटा.' 'बहुधा महत्त्वाचे.'

"अहो, या खोक्यावर 'इतर' काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"ज्यांची ओळख पटली नाही, ते."

"आणि ओळख पटली ते कुठायत?"

जावईबापूंनी मोठ्या अभिमानाने एका बोल्टाकडे बोट दाखवलं.

सगळ्यात पिडलं ते सदतीस नंबरने. हा भाग कशातच बसेना. शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी सासरेबुवांच्या नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, एक भाग ओळखू येत नाहीये. गोल आहे, पोकळ आहे."

"साहेब, अर्धं इंजिन गोल आणि पोकळच असतं! कुठून काढलात?"

"मी फक्त उंची, रंग आणि अवस्था लिहिली आहे."

मग मिस्त्री म्हणाला, "कशाला हात लावू नका. मी येतो."

मिस्त्री आला आणि फळीसमोर थबकला.

"हे कोणत्या क्रमाने लावलंय?"

"अकारविल्हे!" जावईबापू म्हणाले. "नंबरसुद्धा मागाहून त्याच क्रमाने दिले. म्हणजे शोधायला सोपं."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. "साहेब, काढलेल्या क्रमाने ठेवायचं असतं हो! आता कुठलं कुठे लावू? मला नाही जमणार. वजनावर भंगारात घाला!"

तो उठून दाराकडे निघालासुद्धा. "निदान सदतीस नंबर तरी बघून जा!" म्हणत जावईबापूंनी तो भाग मिस्त्रीच्या हातात कोंबला.

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्याच क्षणी त्याचा हात खिशाकडे वळला.

"हा... हा बिनकामाचा आहे. मी टाकून देतो."

पण जावईबापूंचा जन्म पुस्तकांवरचे शिक्के वाचण्यात गेलेला! "थांबा. यावर कोरलेलं नाव मला कंपनीचं वाटलं होतं. हे तर तुमच्या गॅरेजचं!"

मग सगळं बाहेर पडलं. ती होती पान्याच्या टोकाला बसवतात ती लोखंडी गोटी. अकरा वर्षांपूर्वी मिस्त्रीने हेच इंजिन उघडलं होतं आणि आपली गोटी आतच विसरला होता!

"साहेब, पाया पडतो, मोठ्या साहेबांना सांगू नका! धंद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"छे छे, जन्मात नाही सांगणार!" जावईबापू गोड हसले. "फक्त उद्या चारला..."

"तीनलाच जोडून देतो!"

आणि दिली! रविवारी चारच्या ठोक्याला सासरेबुवांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. टक नाही, टुक नाही! जावईबापू शाब्बासकीसाठी पाठ पुढे करूनच उभे. शेजारी मिस्त्री हात पुसत होता.

सासरेबुवा खाली उतरले. बॉनेटला कान लावून दोन मिनिटं ऐकत राहिले. कपाळावर आठ्या.

"आवाज कुठे गेला?"

"गेला! कायमचा!"

"असा कसा जाईल? अकरा वर्षं रोज ऐकतोय मी! खरं सांगा, जोडताना एखादा भाग बाहेर राहिला ना?"

मिस्त्रीने डोळ्यांनीच हात जोडले. जावईबापूंच्या जिभेवर आलेलं सगळं जिथल्या तिथे अडकलं. दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द!

"हो," ते खाली मान घालून पुटपुटले. "एक उरला खरा."

"वाटलंच मला!" सासरेबुवांचा चेहरा बारा वर्षांत प्रथमच जावयाकडे बघून फुलला. "मिस्त्री, उद्या सकाळी या आणि तेवढा बसवून द्या. यांना हात लावू देऊ नका!"