काटा अठ्ठावन्नवर

टुक-टुक.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. दीड तास खांद्यावर नाचवून, मांडीवर हलवून, स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा येरझाऱ्या घालून ठोंब्याला आत्ता कुठे झोप लागली होती. ठोंब्या म्हणजे घरातलं आठ महिन्यांचं शेंडेफळ. नाव ठोंब्या, पण कान सशाचे. सूनबाईने त्याला गादीवर टेकवलं, त्याच्या मानेखालून आपला हात चोरासारखा काढून घेतला, एक श्वास सोडला, आणि तेवढ्यात अंगणातून तो आवाज आला. नव्या गाडीला कुलूप नीट लागलंय की नाही, हे सासऱ्यांनी रिमोट दाबून पुन्हा एकदा पाहिलं होतं. सकाळपासूनची ही अकरावी खेप.

ठोंब्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तोंड.

ही गाडी घरात आली ती एका कुकरमुळे. जुन्या कुकरची शिट्टी उडाली म्हणून सासूबाईंनी नवा घेतला, दुकानदाराने सोडतीचं कुपन दिलं, आणि महिन्याभराने पहिलं बक्षीस दारात येऊन उभं राहिलं. लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी. तिच्यात बसायचं नसे, विहिरीत उतरावं तसं उतरायचं असे. दुसरं बक्षीस कपडे धुण्याचं मशीन होतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून गाडीला नावं ठेवली नव्हती, पण धुणं दर वेळी तिच्याकडे बघतच पिळत.

सासरे चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. बसला साठचं कुलूप असायचं. पाय कितीही दाबा, साठच्या पुढे ती हलायची नाही. चाळीस वर्षं त्यांच्या उजव्या पायाखाली ते कुलूप होतं, आणि आता त्याच पायाखाली चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी आली होती. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक लाल बटण होतं. ते दाबलं की गाडी आपली सगळी ताकद मोकळी करते. मात्र गाडी पंधराशे किलोमीटर चालून तिची पहिली सर्व्हिस झाल्याशिवाय मेकॅनिक ते बटण उघडून देत नाही. उघडल्यावर मग कंपनीच्या चाचणीच्या रस्त्यावर मालकाला वीस मिनिटं मोकळी मिळतात. तीन किलोमीटर नाकासमोर सरळ रस्ता, दोन्ही टोकांना परत फिरायला मोठा वळसा. ना सिग्नल, ना स्टॉप, ना प्रवासी.

अडचण एवढीच होती की सासऱ्यांचं लायसन्स सव्वीस दिवसांनी संपत होतं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की तोपर्यंत उजेडात हळूहळू चालवा, पुढच्या कागदावर मी सही करणार नाही.

"पंधराशे म्हणजे काय," सासरे म्हणाले. "एवढं तर मी आठवड्यात करायचो. एकवीस दिवस धर. डाव्या हाताचा मळ."

डाव्या हाताचं माहीत नाही, पण डाव्या गुडघ्याने तिसऱ्याच दिवशी असहकार पुकारला. त्या बुटक्या गाडीत चाळीस किलोमीटर झाले की सासऱ्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागत. उरलेले रोजचे तीस-बत्तीस कोणी करायचे? नवरा दूरच्या साइटवर कामाला होता. तो रोज फोन करून गाडी कशी आहे, ते अगत्याने विचारत असे. सासूबाईंना सायकलही येत नव्हती. राहता राहिली सूनबाई.

शिवाय नव्या गाडीला नुसतं चालवून भागत नाही. मेकॅनिकने तासभर समजावलं होतं, की नव्या इंजिनाच्या आतले भाग अजून एकमेकांना ओळखत नसतात, घासून घासून त्यांची ओळख होते, तोवर जपायचं. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं अंजारून-गोंजारून न्यायचं. उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवायचं नाही. ब्रेक कचकन मारायचा नाही. जोरात तर नाहीच, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही. सारखं कमी-जास्त, कमी-जास्त करत राहायचं.

सासऱ्यांनी हे सगळं वहीत उतरवून फ्रिजवर ठेवलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि वही जागच्या जागी ठेवत म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात यातलं निम्मं जरी केलं असतंत..."

सासरे अंगणात निघून गेले. टुक-टुक.

सूनबाई नको म्हणू शकली असती. पण सासरे संध्याकाळी गाडीत नुसतेच जाऊन बसत, ते तिने पाहिलं होतं. गाडी बंद, हात स्टिअरिंगवर, अंगठा त्या बटणाच्या बाजूला. बटणावर नाही, बाजूला. ते बघितल्यावर नाही म्हणणारी सून अजून जन्माला यायची होती.

सूनबाईच्या पहिल्या दिवशी मागच्या नावापुरत्या सीटवर ठोंब्याची खुर्ची बांधली आणि तिच्या शेजारी वकीलबाई बसल्या. वकीलबाई म्हणजे साडेपाच वर्षांची थोरली लेक. हिला प्रश्न सुचायला कारण लागत नाही आणि उत्तर मिळाल्यावर पुरावा लागतो. आजोबांनी तिच्या गळ्यात जुन्या बसमधली घंटी आणि हातात स्वयंपाकघरातलं घड्याळ दिलं होतं. दर दोन मिनिटांनी घंटी वाजली की आईने वेग बदलायचा.

टण. चाळीसचे साठ झाले. टण. साठचे पंचेचाळीस. प्रत्येक टणला ठोंब्या झोपेच्या उंबरठ्यावरून मागे फिरे आणि आधीपेक्षा वरच्या पट्टीत सुरू होई. बाराव्या टणनंतर एका पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. लालभडक गाडी, वेग वाढतोय-घटतोय, चालवणारीचे डोळे लाल, केस विस्कटलेले आणि खांद्यावर दुधाचा ओला डाग. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, काही घेतलंय का?"

"दोन रात्री झोप नाही घेतली," सूनबाई म्हणाली.

मागून वकीलबाईंनी बाजू मांडली, की काका, आजोबांनीच आईला असं चालवायला सांगितलंय, आणि दोन मिनिटं झालीत, मी घंटी वाजवू का? पोलिसाने ठोंब्याकडे पाहिलं. ठोंब्याने पोलिसाकडे पाहून सूर लावला. पोलिसाने हाताने जा, जा केलं.

सोमवारी वकीलबाईंची शाळा सुरू झाली. घंटी घरी राहिली. सूनबाई शहराबाहेरच्या वळणरस्त्याला लागली आणि सवयीने वेग वाढवू लागली. पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्नवर काटा आला आणि मागचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

तिने आरशात पाहिलं. ठोंब्याची मान एका बाजूला, तोंड उघडं, मुठी सैल. तिने वेग साठ केला. भुवया हलल्या. पंचावन्नवर आणला. ओठ वाकडे झाले. परत अठ्ठावन्न. घोरणं.

त्या क्षणी तिच्या पायाने जो निर्णय घेतला, त्यात तिच्या मनाला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी अर्धा तास ती अठ्ठावन्नने जात राहिली. डावीकडून दुधाची गाडी पुढे जाई, उजवीकडून शाळेची बस. एकदा एका गादीवाल्याचा टेम्पो पुढे गेला आणि वरून त्याचा माणूस तिच्याकडे कणवेने बघत राहिला. तिला झोप मिळत नव्हती, चालवणारीने झोपून कसं चालेल? पण अर्धा तास तिला कुणी हाक मारत नसे. घरी आल्यावर वहीत ती लिहीत असे, बत्तीस किलोमीटर, वेग कमी-जास्त. लिहिताना अक्षर जरा बारीक येई.

बाविसाव्या दिवशी सगळी वरात सर्व्हिसला गेली. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मेकॅनिकने गाडीला वायर जोडली, संगणकात बघितलं, भुवया वर केल्या आणि हसला.

"बाबा, तुम्ही बस चालवायचात ना?"

"चाळीस वर्षं. एकही अपघात नाही."

"तरीच. पंधराशेतले पाचशे किलोमीटर गाडी अठ्ठावन्नने चाललीय. एका रेषेत. असा काटा मी जन्मात पाहिला नाही. हाडात मुरलेली सवय जात नाही, बाबा."

रोज सकाळी चाळीस किलोमीटर, गुडघा दाबत, सासरे दर दोन मिनिटांनी स्वतः मोजून वेग बदलत आले होते. त्यांनी मान वळवून सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई ठोंब्याच्या मोज्यात काहीतरी शोधत होती. तिच्या कानाच्या पाळ्या गाडीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"सवय," सासरे मेकॅनिकला म्हणाले.

मेकॅनिक भला माणूस होता, पण बटण उघडायला तयार नव्हता. आणखी तीनशे किलोमीटर नीट, कमी-जास्त करून चालवा, मग बघू. लायसन्सचे दिवस किती उरलेत, ते त्याला सांगितल्यावर त्याने बोटांवर मोजलं आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारची वेळ दिली.

घरी येताना सासऱ्यांनी विचारलं, "ठोंब्या किती वेळ झोपायचा?"

"अर्धा तास."

"आणि तू?"

"मी चालवत असायचे, बाबा."

"हं," सासरे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर तिला निदान रडता तरी आलं असतं.

पुढचे तीन दिवस म्हणजे शिक्षा होती आणि ती सूनबाईने पुरती भोगली. सासऱ्यांचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता, त्यामुळे रोजचे शंभरच्या शंभर किलोमीटर तिच्याकडे आले. वकीलबाईंनी शाळा सुटल्यावर घंटी हाती घेतली. सकाळच्या पाळीला सासूबाई बसल्या, एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्या हाताने घंटी धरून. कुणाला रस्ता ओलांडताना बघितलं की त्या घाबरून घंटी वाजवत, त्यामुळे वेग जरा जास्तच कमी-जास्त झाला. ठोंब्या तीनशे किलोमीटर रडला. तीनशे एकावा सुरू झाला तेव्हा सूनबाईने चहात साखरेऐवजी बाळाची पावडर घातली आणि अर्धा कप प्याल्यावर तिला ते कळलं. तरी तिने कप संपवला.

शेवटच्या दिवशी चार वाजता मेकॅनिकने संगणक बघितला, आणि हा काटा म्हणजे भूकंपाची नोंद वाटते असं म्हणून बटण उघडून दिलं. चाचणीच्या रस्त्याचा एकच नियम होता, साठीपुढच्या चालकाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं. सासूबाईंनी आधीच ठोंब्याला कडेवर घेतलं होतं. "मी त्या विहिरीत परत उतरणार नाही. सूनबाई, तू जा."

वकीलबाई कुंपणाशी घंटी घेऊन उभ्या राहिल्या. आजोबा शंभरवर गेले की ती वाजवायची, असं ठरलं होतं.

सूनबाईने पट्टा लावला. समोर तीन किलोमीटरचा रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा पडला होता. शेजारी सासरे गुडघ्याला पट्टा बांधून, पाठ सरळ करून बसले होते, जसे ते नोकरीच्या पहिल्या दिवशी बसले असतील. बरं झालं, तिने मनात म्हटलं, निदान हे तरी पार पडलं.

"आधी जरा गरम होऊ देतो," सासरे म्हणाले. "मग दाबतो."

गाडी हलली. कडेवर कुणी नव्हतं. मागे कुणी नव्हतं. घंटी नव्हती. तीस, चाळीस, पन्नास. इंजिन घुमत होतं, खूप खोलवरून, कुणीतरी पाठ थोपटावी तसं. मी बघत राहणार, तिने ठरवलं. मी बटण दाबताना बघणार.

जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. ठोंब्यालाही नेमकी तेव्हाच येते. तिची मान एका बाजूला होती, तोंड उघडं, पट्ट्यावर ओला डाग. समोर निघतानाचंच फाटक होतं आणि घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ती खडबडून बसली. "बाबा, दाबलंत?"

सासरे हातरुमालाने बटणावरची धूळ पुसत होते. "राहिलं."

"राहिलं म्हणजे? मला उठवायचं तरी..."

त्यांनी रुमालाची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली आणि खिशात ठेवली. तेवढ्यात मेकॅनिक वायर घेऊन आला, खिडकीतून हात घालून संगणक बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, एवढा आटापिटा करून बटण उघडून दिलं. वीस मिनिटं. अठ्ठावन्न?"

"सवय," सासरे म्हणाले.

मग त्यांना बाहेर काढण्याचा कार्यक्रम झाला. मेकॅनिकने एक हात धरला, सूनबाईने दुसरा. तिने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. त्यांनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि लंगडत सासूबाईंकडे, ठोंब्याला घ्यायला गेले.

कुंपणाकडून वकीलबाई आल्या. घंटी गळ्यात तशीच होती, लोलक मुठीत घट्ट धरलेला. त्यांनी गाडीकडे बघितलं, आजोबांच्या पाठीकडे बघितलं, मग आईच्या गालावर उमटलेल्या पट्ट्याच्या वळाकडे बघितलं.

"आई, आजोबांचं लायसन्स आजच संपतंय ना?"

"हो."

"मग मी घंटी कधी वाजवू?"